न बोलणारी भाषा : बस्टर कीटन आणि त्याचे मूकपट



या घटकात आपण आतापर्यंत ध्वनी, शब्द आणि वाक्य या पातळ्यांवर अर्थ कसा घडतो ते पाहिले. या पाठात आपण एका अशा नटाकडे वळणार आहोत, ज्याने शब्दांचा आधार जवळजवळ सोडून दिला आणि तरीही प्रेक्षकांशी अत्यंत काटेकोरपणे संवाद साधला. अमेरिकी विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन हे त्याचे नाव. मराठी वाचकाला चार्ली चॅप्लिन जितका परिचित आहे तितका कीटन नाही. म्हणून या पाठात त्याचे चरित्र थोडे तपशिलाने दिले आहे. मात्र ते वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवावा. बोलपट आल्यावर मूकपटांतील अनेक नटांची कारकीर्द संपली, ती कशामुळे? ‘त्यांचा आवाज चांगला नव्हता’ हे याचे नेहमी दिले जाणारे उत्तर आहे. कीटनच्या बाबतीत ते टिकत नाही, असे या पाठाचे प्रतिपादन आहे.

‘मूक’ हा शब्द

प्रथम ‘मूकपट’ या शब्दाचाच विचार करू. यंत्रमाग येण्यापूर्वी मागाला कोणी ‘हातमाग’ म्हणत नव्हते. तो नुसता ‘माग’ होता. नवी वस्तू आली की जुन्या वस्तूला विशेषण चिकटते. ‘मूकपट’ हा शब्द याच जातीचा आहे. बोलपट आले, त्यांना नाव मिळाले, आणि त्यांच्या तुलनेत आधीचे चित्रपट ‘मूक’ ठरले. १९२० साली तिकीट काढून आत बसलेल्या प्रेक्षकाला आपण काहीतरी अपुरे पाहत आहोत असे वाटत नव्हते. तो चित्रपटच पाहत होता. शिवाय चित्रपटगृहात शांतता नसे. अमेरिकेत पियानो किंवा ऑर्गन वाजे. आपल्याकडे पेटी-तबला असे, आणि पडद्यावरच्या अक्षरपाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूसही असे.

नामकरण नेहमी नंतर आलेल्यांच्या सोयीचे असते, आणि नावामुळे आपली दृष्टी ठरते. ‘मूक’ म्हटले की आपण उणीव शोधू लागतो.

न हसणारा मुलगा

जोसेफ फ्रँक कीटन याचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस राज्यातील पिक्वा या लहानशा गावी झाला. गाव त्याचे नव्हते. आईवडील जो आणि मायरा कीटन हे फिरत्या करमणुकीच्या कार्यक्रमात काम करीत आणि त्या मुक्कामी मूल जन्मले, इतकाच गावाशी संबंध. पुढे हे कुटुंब ‘व्हॉडव्हिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगमंचीय कार्यक्रमांत स्थिरावले. एकाच तिकिटात गाणी, नकला, कसरती, जादू असे सगळे तेथे पाहायला मिळे.

‘बस्टर’ हे टोपणनाव कसे पडले याची एक कथा कुटुंबात सांगितली जाई. त्या काळच्या अमेरिकी बोलीत ‘बस्टर’ म्हणजे जोराने आपटणे, कोसळणे. तान्ह्या वयात जिन्यावरून गडगडत खाली येऊनही या मुलाला काही झाले नाही, तेव्हा सुप्रसिद्ध जादूगार हॅरी हूडिनी याने त्याला हे नाव दिले, अशी ती कथा. हूडिनीचा भाग पुढच्या अभ्यासकांनी संशयास्पद मानला आहे. एवढे खरे, की पडण्याचे नाव घेऊन तो वाढला आणि पडण्यावरच त्याने पोट भरले.

पाचव्या वर्षाच्या सुमारास तो आईवडिलांच्या प्रयोगाचा नियमित भाग झाला. ‘द थ्री कीटन्स’ या नावाचा हा प्रयोग आज आपल्याला अस्वस्थ करील. खोडकर मुलगा आणि त्याला शिस्त लावणारा बाप हा त्याचा विषय. शिस्त लावणे म्हणजे मुलाला उचलून रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, पडद्यांवर, कधी वादकांच्या खड्ड्यात फेकणे. धरायला सोपे जावे म्हणून त्याच्या कोटाच्या पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असे. बालकांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणाऱ्या न्यूयॉर्कच्या संस्थेने या प्रयोगाला वारंवार हरकत घेतली आणि काही काळ त्या शहरात मुलाला रंगमंचावर येण्यास बंदी होती. कीटनने आयुष्यभर या बालपणाचे समर्थन केले. आपल्याला पडावे कसे हे शिकवले गेले होते, इजा होत नव्हती, असे तो सांगे. त्याचे म्हणणे नोंदवावे, पण त्या संस्थेची काळजी अनाठायी होती असे मानण्याचे कारण नाही. शाळेत तो, त्याच्याच सांगण्यानुसार, एकच दिवस गेला.

याच वयात त्याला त्याच्या कलेचे मुख्य सूत्र सापडले. फेकला गेल्यावर तो स्वतः हसला, मजा आली असे त्याने दाखवले, की प्रेक्षक थंड राहत. तो गंभीर राहिला, की हशा उसळे. वडील रंगमंचावरच दबक्या आवाजात त्याला चेहऱ्याची आठवण करून देत. हळूहळू ही सवय झाली आणि पुढे ‘दगडी चेहरा’ ही त्याची ओळख बनली.

भारतीय परंपरेतील परिभाषा येथे उपयोगी पडते. नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि आंगिकाचे पुन्हा शारीर, मुखज आणि चेष्टाकृत असे तीन भेद केले आहेत. मूकपटातील नटाजवळ वाचिक अभिनय नसतोच. त्यामुळे बहुतेक नट त्याची भरपाई मुखज अभिनयातून करीत: भुवया उंचावणे, डोळे फिरवणे, ओठ थरथरवणे. कीटनने हा मार्गही सोडून दिला. वाचिक काळाने काढून घेतले होते. मुखज त्याने आपणहून आवरले. उरले ते शरीर, त्याची चाल, त्याचे पडणे आणि भोवतालच्या वस्तूंशी त्याचे नाते.

मग भाव पोहोचतो कसा? व्याकरणातील एक गोष्ट आठवा. ‘दगड’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो. आपण म्हणतो की येथे अनेकवचनाचा ‘शून्य प्रत्यय’ आहे. प्रत्यय ऐकू येत नाही, तरी ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ यांत ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण शेजारचे क्रियापद वचन सांगून जाते. कीटनचा चेहरा असाच वाचावा लागतो. त्यावर खूण उमटत नाही. अर्थ शेजारून येतो. घर कोसळत असताना तोच चेहरा स्तब्ध धैर्य सांगतो, आणि प्रेयसी पाठ फिरवून गेल्यावर तोच चेहरा दुःख सांगतो. या चेहऱ्याला अनेकांनी भावशून्य म्हटले आहे. ते मला मान्य नाही. त्याचे मोठे, खोल डोळे सतत काही मोजत असतात, अंदाज घेत असतात. फक्त तो प्रेक्षकाला ‘आता हसा’ किंवा ‘आता रडा’ असे सांगत नाही.

कागदावर न लिहिलेले चित्रपट

वडिलांचे मद्यपान वाढत गेले आणि १९१७ च्या आरंभी ‘थ्री कीटन्स’ मोडले. त्याच वर्षी मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये त्या काळचा अत्यंत लोकप्रिय विनोदी नट रॉस्को ऊर्फ ‘फॅटी’ आरबकल याच्याशी कीटनची भेट झाली आणि ‘द बुचर बॉय’ या लघुपटात त्याने पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर काम केले. त्याला अभिनयाइतकेच कुतूहल यंत्राचे होते. कॅमेऱ्याच्या आत काय चालते, फिल्म कशी सरकते, तुकडे कसे जोडले जातात हे त्याने पहिल्याच दिवसांत खोदून खोदून विचारून घेतले.

मध्ये पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती होऊन तो फ्रान्सला गेला. तेथील आजारपणाने त्याची श्रवणशक्ती कायमची उणावली. परत आल्यावर निर्माता जोसेफ शेंक याने त्याला स्वतंत्र चित्रपट काढण्यासाठी जागा आणि पैसा दिला. जागा म्हणजे चॅप्लिनने पूर्वी वापरलेला स्टुडिओ. कीटनने १९२१ मध्ये नॅटली टालमाज हिच्याशी विवाह केला. शेंकची पत्नी नॉर्मा ही नॅटलीची बहीण. म्हणजे मालक हा साडूही होता. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

१९२० ते १९२३ या काळात त्याने एकोणीस लघुपट केले, आणि १९२३ ते १९२८ या काळात दहा पूर्ण लांबीचे चित्रपट. काम करण्याची रीत आजच्या अर्थाने विलक्षण होती. लिखित पटकथा नसे. कीटन आणि त्याचे दोन-तीन सहकारी चित्रपटाचा आरंभ ठरवत, मग शेवट ठरवत. मधला भाग आपोआप सुचेल असा त्यांचा विश्वास होता. काम अडले तर मंडळी स्टुडिओतच बेसबॉल खेळत, आणि खेळता खेळता कोणाला काही सुचले की पुन्हा चित्रीकरण सुरू होई. अक्षरपाट्यांविषयी तो अत्यंत कंजूष होता. सर्वसाधारण चित्रपटात २४० पाट्या असत, आपण जास्तीत जास्त ५६ वापरल्या, असे त्याने एका मुलाखतीत सांगितले आहे. जे दाखवता येते ते लिहून सांगायचे नाही, हा नियम.

‘वन वीक’ हा १९२० चा लघुपट या दृष्टीने नमुनेदार आहे. नवविवाहित जोडप्याला लग्नाची भेट म्हणून खोक्यांत भरलेले घर मिळते. खोक्यांवर क्रमांक आहेत. त्या क्रमाने भाग जोडले की घर तयार. नवरीच्या नाकारलेल्या प्रियकराने क्रमांक बदलून ठेवले आहेत. कीटन मुकाट्याने, प्रामाणिकपणे, क्रमांकांवर विश्वास ठेवून घर बांधतो, आणि तयार होते ते तिरके, वेडेवाकडे, दारे भलतीकडे असलेले एक भयंकर प्रकरण. वादळात ते गोल फिरू लागते. शेवटी असे कळते की घर चुकीच्या जागेवर बांधले आहे. ते ओढून नेताना रेल्वेरुळांवर अडकते. समोरून गाडी येते. पतिपत्नी डोळे झाकतात. गाडी शेजारच्या रुळांवरून निघून जाते, घर वाचते. दोघे सुटकेचा श्वास घेतात, तोच उलट दिशेने दुसरी गाडी येते आणि घराचा चुराडा करते. कीटन त्या ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावतो, जोडणीच्या सूचनांचा कागद तिला अडकवतो, आणि पत्नीचा हात धरून चालू लागतो.

भाषेच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. क्रमांक ही चिन्हे आहेत. चिन्ह आणि वस्तू यांचा संबंध नैसर्गिक नसून संकेताने ठरलेला असतो, हे तुम्ही सोस्यूरच्या विवेचनात वाचले आहे. संकेत बिघडवला तर काय होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही. चूक कीटनची नाही. त्याने वाचन अचूक केले. मजकूरच खोटा होता.

हा चित्रपट सुमारे वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. शक्य असल्यास तो मिळवून एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहा. पाहताना अक्षरपाट्या किती आल्या आणि त्यांतील किती काढून टाकल्या तरी कथा समजली असती, याची वहीत नोंद करा.

भिंत, खिडकी आणि पुरावा

चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन प्रकार केले. चित्र हे वस्तूशी साम्यामुळे चिन्ह ठरते. शब्द संकेतामुळे चिन्ह ठरतो. तिसरा प्रकार निर्देशक चिन्हाचा: धूर अग्नीचे चिन्ह असतो, पाऊलखूण पावलाचे, कारण तेथे प्रत्यक्ष कार्यकारणसंबंध असतो. कीटनचे उत्तमोत्तम प्रसंग या तिसऱ्या प्रकारावर उभे आहेत.

‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (१९२८) मधील प्रसंग पाहा. वादळ चालू आहे. कीटन एका घरासमोर उभा आहे. घराची समोरची संपूर्ण भिंत सुटते आणि सरळ त्याच्या अंगावर कोसळते. माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या जागी येते आणि तो तसाच उभा राहतो. भिंत खरी होती. तिचे वजन सुमारे दोन टन होते असे सांगितले जाते. खिडकी आणि शरीर यांच्यामध्ये काही इंचांचेच अंतर होते. त्याने उभे राहण्याची जागा खिळ्याने खुणावून घेतली होती. हे सगळे एकाच सलग चित्रणात घेतले आहे. मध्ये तुकडा जोडला असता तर प्रेक्षकाने ‘भिंत पडली’ आणि ‘माणूस वाचला’ ही दोन विधाने स्वीकारली असती. पण ती विधानेच राहिली असती. सलग चित्रणात ती पाऊलखूण बनते. हे घडले, म्हणूनच हे दिसते. हाच विचार त्याने आधी ‘वन वीक’मध्येही लहान प्रमाणावर वापरला होता.

असा नट तुकडे जोडण्याच्या तंत्राविरुद्ध असेल असे वाटेल. पण ‘शेरलॉक, ज्युनिअर’ (१९२४) मध्ये त्याने नेमक्या त्याच तंत्राला विषय केले. चित्रपटगृहात यंत्र चालवणारा तरुण झोपी जातो आणि स्वप्नात समोरच्या पडद्यात शिरतो. तो शिरतो खरा, पण पडद्यावरचे दृश्य बदलू लागते. तो बागेतल्या बाकावर बसायला जातो, तोवर बाक नाहीसा होऊन तेथे रहदारीचा रस्ता येतो. तो चालू लागतो, तर कड्याचे टोक. वाकून पाहतो, तर सिंहांच्या मध्ये. मग वाळवंट, मग समुद्रातला खडक. त्यावरून पाण्यात सूर मारतो, तर डोके बर्फात रुतते. मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर कर्ता तोच राहतो, क्रिया अखंड चालू राहते, आणि अधिकरण मात्र प्रत्येक वेळी बदलते. वाक्य व्याकरणशुद्ध पण अर्थाने असंभव, असे ज्याला आपण म्हणतो, त्याचे हे चित्ररूप आहे. प्रत्येक बदलाच्या वेळी शरीर अचूक त्याच जागी यावे म्हणून त्याने आणि त्याचा छायाचित्रकार एल्जिन लेसली याने जमीन मोजणाऱ्यांची उपकरणे वापरून अंतरे मोजली होती. याच चित्रपटात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली पडताना त्याच्या मानेचे हाड मोडले. डोकेदुखी झाली, थोडी विश्रांती घेतली आणि काम पुढे चालू राहिले. हाड मोडले होते हे अनेक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळले.

‘द जनरल’ (१९२६) ही कीटनची स्वतःची सर्वांत आवडती कृती. अमेरिकी यादवी युद्धात १८६२ साली उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेतील एक रेल्वे इंजिन पळवले होते, त्या खऱ्या घटनेवर ती आधारलेली आहे. कीटन इंजिनचालक जॉनी ग्रे झाला आहे. चित्रपटाची बांधणी आरशासारखी आहे: अर्ध्या भागात तो शत्रूचा पाठलाग करीत उत्तरेकडे जातो, उरलेल्या भागात शत्रू त्याचा पाठलाग करीत दक्षिणेकडे येतो, आणि जाताना घडलेले प्रसंग येताना उलटून घडतात. प्रेयसीने अव्हेरल्यावर खिन्न होऊन तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन चालू होते. दांडा त्याला बसल्या जागी वर-खाली करीत घेऊन जातो. त्याला काही काळ ते कळतही नाही. दुःखात बुडालेला माणूस आणि त्याला उचलून नेणारे यंत्र! एवढ्या प्रसंगासाठी कवीला किती उपमा खर्चाव्या लागल्या असत्या, याचा विचार करावा.

चित्रीकरण ऑरेगन राज्यातील कॉटेज ग्रोव्ह येथे झाले. जळत्या पुलावरून खरे इंजिन नदीत कोसळते, तो प्रसंग जुलै १९२६ मध्ये एकदाच, पुन्हा करण्याची सोय नसताना, चित्रित केला गेला. मूकपटांच्या काळातील तो सर्वांत खर्चिक प्रसंग मानला जातो. गौरव करताना एक गोष्ट नजरेआड करू नये: हा चित्रपट गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने सांगितलेला आहे, आणि गुलामगिरीचा प्रश्न त्यात जवळजवळ येतच नाही. दक्षिणेला खलनायक केलेले प्रेक्षक सहन करणार नाहीत, असे कीटनचे म्हणणे होते. त्याच्या इतर काही चित्रपटांत कृष्णवर्णीयांची त्या काळी रूढ असलेली थट्टाही आढळते.

‘द जनरल’ प्रेक्षकांना फारसा भावला नाही आणि समीक्षकांनी त्याच्यावर टीका केली. खर्च मोठा, उत्पन्न बेताचे. पुढच्या घटनांचे बीज येथे आहे.

आवाज आला तेव्हा

१९२८ मध्ये शेंकने कीटनचा स्वतंत्र स्टुडिओ गुंडाळला आणि त्याला ‘मेट्रो-गोल्डविन-मेयर’ या बलाढ्य कंपनीकडे जाण्याचा सल्ला दिला. चॅप्लिन आणि हॅरोल्ड लॉइड या दोघांनीही त्याला तसे करू नकोस असे सांगितले होते. आठवड्याला तीन हजार डॉलर वेतनाच्या करारावर त्याने सही केली. पुढे त्याने या निर्णयाला आयुष्यातील सर्वांत मोठी चूक म्हटले.

आता पाठाच्या आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. कीटनचा आवाज कसा होता? खर्जातला, किंचित घोगरा, साध्या अमेरिकी माणसाचा. त्याच्या मुद्रेला तो शोभणारा होता. रंगमंचावर वाढल्यामुळे बोलण्याची भीती त्याला नव्हती. उलट १९२९ चा ‘स्पाइट मॅरेज’ हा चित्रपट बोलपट करावा अशी त्याची इच्छा होती. कंपनीने ती मान्य केली नाही. आवश्यक तेथे माणसांनी स्वाभाविकपणे बोलावे आणि कृती सुरू झाली की शब्द थांबावेत, अशी ध्वनीच्या वापराची त्याची स्पष्ट कल्पना होती. पुढील काळातील कितीतरी उत्तम चित्रपट याच रीतीने चालतात. त्याचे कंपनीसाठी केलेले बोलपट पैसाही बरा मिळवत होते. म्हणजे आवाजही पडला नव्हता आणि प्रेक्षकही गेले नव्हते.

गेली ती रचनेची सत्ता. कंपनीत प्रत्येक चित्रपटाची पटकथा आधी लिहून, अनेक जणांकडून तपासून, मंजूर होऊन येई. खर्च, तारखा, प्रसंग सगळे कागदावर. बेसबॉल खेळता खेळता सुचलेल्या गोष्टीला तेथे जागा नव्हती. धोकादायक प्रसंग स्वतः करण्यासही मनाई झाली, कारण तो कंपनीची मौल्यवान मालमत्ता होता. बोलपट आले आणि लेखकांनी त्याच्या तोंडी शाब्दिक कोट्या घातल्या. ज्याच्या विनोदाचा पाया वस्तू आणि शरीर यांच्या नात्यात होता, त्याला शब्दांच्या श्लेषावर हसे मिळवायला सांगितले गेले. एखाद्या भाषेच्या उत्तम वक्त्याला परक्या भाषेचे व्याकरण देऊन ‘आता याच वाक्यरचनेत बोल’ असे म्हणावे, तसे हे झाले.

ही उपमा अक्षरशः खरी ठरावी असा एक प्रकारही घडला. ध्वनिमुद्रित संवादांचे भाषांतर ऐकवण्याचे तंत्र तेव्हा प्रगत नव्हते. त्यामुळे कंपन्या एकच चित्रपट वेगवेगळ्या भाषांत पुन्हा चित्रित करीत. कीटनने आपल्या काही बोलपटांच्या स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन आवृत्त्यांत स्वतः काम केले. या भाषा त्याला येत नव्हत्या. शिक्षक वाक्य म्हणे, तो ध्वनी पाठ करी, प्रसंग चित्रित होई. मग तोच प्रसंग दुसऱ्या भाषेत. ज्याचे चित्रपट केवळ अक्षरपाट्या बदलून कोणत्याही देशात जात होते, तो आता अर्थ न कळणारे ध्वनी उच्चारत उभा होता. ‘जगाची भाषा’ असे मूकपटांना म्हणत. त्यात अतिशयोक्ती होती, पण काय हरवले ते या प्रसंगातून कळते.

‘फ्री अँड ईझी’ (१९३०) या बोलपटाच्या अखेरच्या भागात विदूषकाच्या वेषातील कीटनला दोऱ्यांनी हलवल्या जाणाऱ्या कठपुतळीसारखे नाचवले आहे. लेखकांचा तसा हेतू नसावा, पण ते दृश्य पाहवत नाही. पुढे त्याची जोडी जिमी ड्युरँटी या अखंड बडबड करणाऱ्या विनोदी नटाशी जमवण्यात आली. मद्यपान वाढले, १९३२ मध्ये विवाह मोडला, आणि १९३३ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले.

चॅप्लिनशी तुलना करण्याजोगा मुद्दा येथे आहे. चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’ (१९३१) आणि ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) हे चित्रपट बोलपटांच्या युगात जवळजवळ संवादांविना केले आणि १९४० पर्यंत संवादपट करण्याचे लांबवले. त्याला ते परवडले, कारण स्टुडिओ त्याचा होता, पैसा त्याचा होता. कीटनकडे तेवढीच प्रतिभा होती, पण आपल्या चित्रपटांची मालकी नव्हती. व्यवहाराकडे त्याने कधी पाहिलेच नाही, साडूवर विसंबून राहिला. एखादी भाषा टिकते की मागे पडते हे तिच्या शब्दसंपत्तीवरून ठरत नाही, हे समाजभाषाविज्ञानाच्या घटकात तुम्ही वाचालच. ती वापरण्याची जागा कोणाच्या हाती आहे, यावर बरेच अवलंबून असते.

उरलेली वर्षे

त्यानंतरची दीड दशके त्याने स्वस्तातले लघुपट करीत आणि ज्या कंपनीने काढून टाकले तिच्याच नोकरीत, आठवड्याला शंभर डॉलरवर, इतरांच्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग रचून देत काढली. श्रेयनामावलीत नाव बहुधा नसे. १९४० मध्ये एलिनॉर नॉरिस या नर्तिकेशी त्याचा विवाह झाला आणि आयुष्याला पुन्हा स्थैर्य आले. १९४७ मध्ये पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत त्याने काम केले. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजी याने ‘लाइफ’ या साप्ताहिकात मूकपटांतील विनोदी नटांवर दीर्घ लेख लिहिला आणि कीटनचे नाव पुन्हा चर्चेत आले. १९५२ च्या ‘लाइमलाइट’मध्ये तो आणि चॅप्लिन एका प्रसंगात एकत्र दिसले. त्याच्या जुन्या घरात राहायला आलेला नट जेम्स मेसन याला तेथे कीटनच्या अनेक चित्रपटांच्या प्रती सापडल्या, आणि हरवले असे वाटणारे काम परत मिळू लागले. १९६० मध्ये त्याला सन्माननीय ऑस्कर देण्यात आले. १९८९ मध्ये अमेरिकेने जतन करावयाच्या चित्रपटांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हा पहिल्या पंचवीस चित्रपटांत ‘द जनरल’ होता.

१९६४ च्या उन्हाळ्यात नाटककार सॅम्युएल बेकेट याने लिहिलेल्या ‘फिल्म’ या लघुपटात त्याने काम केले. डोक्यावर त्याचीच जुनी चपटी हॅट होती. या लघुपटात कॅमेरा एका माणसाचा पाठलाग करतो आणि तो माणूस पाहिले जाणे टाळत राहतो. त्यामुळे जगातील सर्वांत परिचित चेहऱ्यांपैकी एक चेहरा शेवटापर्यंत लपलेला राहतो. संपूर्ण लघुपट मूक आहे. त्यात एकच उच्चार ऐकू येतो, आणि तो गप्प राहण्यास सांगणारा आहे: ‘शू!’ कीटनला त्या कृतीचा अर्थ फारसा लागला नाही, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. काम मात्र चोख केले. पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाला गेला, तेव्हा प्रेक्षक उभे राहून बराच वेळ टाळ्या वाजवत होते. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.